जोड औषध

त्या सकाळी महानंदाला जाग आली ती खोकला ऐकू आला नाही म्हणून.

कित्येक वर्षं तिचा दिवस नवऱ्याच्या खोकल्याने सुरू होत होता. आधी कोरडी ढास, मग छातीतली घुरघुर, मग पलंगाच्या कडेला वाकून बसून गोळा केलेला श्वास, आणि एवढं सगळं झाल्यावर "चहा टाक गं." त्या दिवशी नुसतंच "चहा टाक गं" आलं. तिने दचकून पाहिलं. मल्लिनाथ उताणा पडून पंख्याकडे बघत होता. उताणा झोपलेला नवरा तिने कधी पाहिला होता ते तिला आठवेना.

"बरं हाय न्हवं?" तिने विचारलं.

"छाती हाय का न्हाय तेच कळंना," तो म्हणाला. "कुनी काढून नेली का काय रातीत?"

पलंगाशेजारच्या स्टुलावर जेवणाच्या डब्याएवढं पांढरं यंत्र होतं. त्याच्या कपाळावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

बार्शीत बाजार समितीच्या मागच्या गल्लीत मल्लिनाथ शेट्याची पिठाची गिरणी होती. तोवर बहुतेक घरांत मिक्सरशेजारी घरगुती चक्की आली होती, आणि ज्यांच्याकडे चक्की नव्हती ते पाकिटातलं पीठ मागवत होते. तरी मल्लिनाथची गिरणी बंद पडली नाही, कारण त्याच्या हातचं ज्वारीचं पीठ थापताना तुटत नाही असा गावात लौकिक होता. आणि दुसरा लौकिक त्याच्या सोवळ्याचा. देवाधर्माचं नव्हे, धान्याचं. एकाचं पीठ दुसऱ्याच्या पिठात जाता कामा नये. बाजरीनंतर कुणाचा गहू असेल तर तो आधी त्याच गव्हाची ओंजळ टाकून दगड साफ करायचा, ते पीठ गल्लीतल्या गाईसाठी बाजूला काढायचा, आणि मगच डबा लावायचा. श्रावणात उपासाची भगर दळायची असली की आदल्या दिवशी दगड उचलून कुंचल्याने झाडायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "अहो शेटे, एवढ्यानं काय होतंय." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "हुतंय काय न्हाय, पर भेसळ ती भेसळ." दळून झालं की चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायचं, दगड तापून पीठ करपलं नाही ना ते बघायचं, आणि डब्याचं झाकण लावायचं. त्याची ती जीभ म्हणजे गिरणीचा शेवटचा शिक्का होता.

अशा माणसाला पिठाचाच दमा व्हावा. पीठ श्वासाबरोबर आत जातं, आणि एखाद्याच्या शरीराला वर्षानुवर्षांनी कधीतरी ते शत्रू वाटायला लागतं. डॉक्टर निंबाळकरबाईंनी एक तपकिरी पंप दिला होता. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दमा असो वा नसो. तो ओढूनही त्रास वाढत गेला तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "गिरणी सोडा. औषध बादलीने पाणी उपसतंय आणि तुम्ही नळ चालू ठेवलाय."

महानंदाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. गुढीपाडव्याला गिरणी बंद. पुढचं पुढे. नवऱ्याने दोन दिवस तोंड फिरवून जेवण केलं, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. त्याला दुसरा मार्गच नव्हता.

मग राजेश्वरी यंत्र घेऊन आली.

राजेश्वरी ही त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात श्वासाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. दिवा कधी हिरवा व्हायचा, कधी पिवळा आणि कधी लाल, ते ठरवणाऱ्या गटात तिचं काम होतं. तिने यंत्र गिरणीच्या गल्ल्यावर ठेवलं आणि बापाला समजावून सांगायला बसली.

"आप्पा, फुप्फुसातल्या नळ्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. पिठाच्या पिशवीच्या तोंडाला नाडी असते ना, तसे. दमा उसळला की ती नाडी आवळली जाते. आवळायचा हुकूम आणतं ते कॅल्शियम. ते स्नायूच्या पेशीत शिरलं की पेशी आखडते. मॅग्नेशियम काय करतं, तर त्या दारातच बसून राहतं. कॅल्शियमला आत येऊ देत नाही. मग नाडी सैल पडते."

"मंग आजवर का दिलं न्हाय कुनी?"

"देत होते. शिरेतून देत होते दवाखान्यात, जोराचा झटका आल्यावर. वाफेतून द्यायचे प्रयोगही खूप झाले, पण गुण थोडा यायचा, कधी यायचाच नाही. वाफेचे थेंब लहानमोठे असायचे, निम्मे घशातच बसायचे. आता आम्ही सगळे थेंब एकाच मापाचे करतो, आणि तुम्ही श्वास आत घ्याल त्याच क्षणी सोडतो. ते नळ्यांच्या पार शेवटच्या फांदीपर्यंत जातात. शिवाय यंत्र प्रत्येक श्वासाबरोबर एक बारीक आवाज आत सोडतं, आणि तो कसा परत येतो त्यावरून नळ्या किती मोकळ्या आहेत ते मोजतं. मोकळ्या असल्या की हिरवा. आणि ते मला माझ्या फोनवर पुण्यात दिसणार."

"म्हंजे म्या इथं खोकलो की तुला तिथं कळनार?"

"खोकायच्या आधी कळणार."

मल्लिनाथ खूश झाला. राजेश्वरी पुढे म्हणाली, "पण एक लक्षात ठेवा. हे जोड औषध आहे. नळ्यांची दोन दुखणी असतात. बाहेरून नाडी आवळते, ती हे सैल करतं. पण आतून सूज येते, चिकटा साचतो, त्याला हे हात लावत नाही. त्यासाठी तपकिरी पंपच. आधी पंप, त्यावर वाफ. रोज दोन्ही."

"एकावर एक?" मल्लिनाथने विचारलं.

"हो, एकापाठोपाठ एक."

त्याने एकदा गिरणीच्या दगडाकडे पाहिलं. मुलीच्या ते लक्षात आलं नाही, आणि महानंदाच्या लक्षात आलं तरी तिला त्याचा अर्थ लागला नाही.

पुढचे महिने म्हणजे त्या घरात दुसरं लग्न लागल्यासारखे होते. मल्लिनाथ जिना न थांबता चढायला लागला. रविवारी भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायला लागला, आणि तेही बोलत बोलत. महानंदाला चालताना बोलणाऱ्या नवऱ्याची सवयच नव्हती, ती सारखी मागे पडायची. एकदा ज्वारीची पाटी उचलताना तो शीळ घालत होता. ती दारात उभी राहून ऐकत राहिली, आणि तिला रडू आलं. ते सुखाचंच होतं.

पाडवा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "आता कशापायी बंद करायची गिरनी?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्यात."

"त्या म्हनल्या तवा यंत्र न्हवतं. एक वरीस बघू की. तू नगं म्हनलीस तर बंद करतो."

निर्णय असा तिच्या पदरात टाकून तो चहा प्यायला बसला. ती नको म्हणू शकली असती. पण शीळ घालणाऱ्या माणसाला रिकामा बसवायचा, खुर्चीत घालून टीव्हीसमोर ठेवायचा, हे तिच्याने झालं नाही. "बघू एक वरीस," ती म्हणाली.

याच काळात त्याने पंप सोडला.

एकदम नाही सोडला. तो काही निष्काळजी माणूस नव्हता, उलट त्याची काळजीच आडवी आली. एका औषधावर दुसरं ओढायचं त्याच्या मनाला पटेना. पहिल्याचा अंश छातीत असताना दुसरं सोडायचं म्हणजे बाजरीवर गहू दळण्यासारखं. म्हणून त्याने आपल्या हिशेबाने चोख वाटणी केली. एक दिवस पंप, एक दिवस वाफ. मध्ये रात्र गेली की छाती साफ. महानंदाला त्याने ते सांगितलं तेव्हा तिलाही ते पटलं. ती त्याच गिरणीत उभं आयुष्य काढलेली बाई होती. यंत्राची नळी ती रोज उकळत्या पाण्याने धुऊन फडक्यावर वाळवत असे, आणि पंपाचा वास नळीला लागू नये म्हणून पंप वेगळ्या कपाटात ठेवत असे.

आता त्या पंपाचा स्वभाव असा, की तो ओढल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. तो आतली सूज हळूहळू, दिवसामागून दिवस उतरवत असतो, आणि काम चालू असताना कुणाला पत्ता लागू देत नाही. वाफेचा गुण मात्र तिथल्या तिथे. म्हणजे वाफेचा दिवस मोकळा जायचा आणि पंपाचा दिवस जड. त्यात पंपाने जिभेवर पांढरा थर यायचा आणि पिठाची चव कळेनाशी व्हायची. डॉक्टरांनी पंपानंतर चूळ भरायला सांगितलं होतं, पण गिरणी चालू असताना चूळ कोण भरतो?

"ह्यातली भेसळ कंची, ती आता कळली," मल्लिनाथ एके दिवशी म्हणाला, आणि पंपाचे दिवस कमी होत होत संपले. दिवा हिरवाच राहिला. तपासणीला गेल्यावर निंबाळकरबाईंनी विचारलं, "पंप चालू आहे ना?" तो म्हणाला, "हाय की." घरात पंप होताच, त्यामुळे हे त्याला पुरतं खोटंही वाटलं नाही. शेजारी महानंदा बसली होती. ती गप्प राहिली. नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

पूर्वी राजेश्वरी रोज जेवणानंतर बापाला फोन करायची. तो एका दमात किती बोलतो त्यावरून तिला सगळं कळायचं, आणि कळू नये म्हणून तो तुटक तुटक बोलायचा. ती म्हणायची, "आप्पा, आता आख्खं वाक्य बोला." यंत्र आल्यापासून फोन कमी होत गेले. कळायचं ते तिला आधीच कळलेलं असायचं. मग शनिवारी फोन यायचा, आणि पुढे एखादा शनिवार चुकायलाही लागला. यात कुणाचं प्रेम आटलं असं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं, एवढंच.

दसऱ्यानंतर महानंदाला काहीतरी खटकायला लागलं. खोकला नव्हता, घुरघुर नव्हती. पण मल्लिनाथने पुन्हा दुसरी उशी घ्यायला सुरुवात केली होती. पाटी उचलून तो अर्ध्यात ठेवायचा आणि दगडाकडे बघत असल्यासारखं करायचा. वाफ दिवसातून तीनदा, चारदा लागायला लागली. प्रत्येक वेळी दिवा थोडा वेळ पिवळा व्हायचा आणि वाफ घेतली की हिरवा. दुखणं पुढे सरकत होतं, पण आधी ते दार वाजवून यायचं, आता दार उघडंच होतं.

एक दिवस दुपारी गच्चीवर डाळ वाळत घालता घालता तिने राजेश्वरीला फोन लावला.

"राजी, ह्यास्नी काय तरी हुतंय बघ."

"काय होतंय? खोकला?"

"खोकला न्हाय गं. पर दमत्यात. आनि त्यो पंप हाय न्हवं, त्यो ह्यांनी…"

"थांब आई, आत्ताच बघते." पलीकडे माणसांचे आवाज येत होते, कसलीतरी बैठक चालू होती. "हिरवं आहे. आख्खा आठवडा हिरवा आहे. मधेमधे पिवळा, पण तो लगेच जातो. अगं, आमच्या सगळ्या पेशंटमध्ये आप्पांचा आलेख पहिल्या नंबरचा आहे, मी इथे सगळ्यांना दाखवते. वय झालंय, दमणारच ना? तू उगाच जीव टांगून ठेवतेस. मी संध्याकाळी बोलते तुझ्याशी."

महानंदाने फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. लेक शिकलेली, यंत्र तिनेच बनवलेलं, आणि ती सांगते हिरवं आहे. संध्याकाळी फोन आला नाही. महानंदानेही केला नाही.

दिवाळीच्या आधी गिरणीवर चकलीच्या भाजणीची झुंबड उडते. भाजलेल्या डाळी आणि तांदूळ यांचं पीठ हलकं असतं, दारातून आलेल्या वाऱ्यावर तरंगत राहतं. त्या दिवशी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मल्लिनाथने सकाळपासून तोंडावर फडकं बांधून काम केलं. अकराच्या सुमाराला तो गिरणी चालू ठेवूनच खाली बसला. गल्ल्यावरच्या यंत्राचा दिवा लाल होता. महानंदाने वाफ लावली. लालच. पुन्हा लावली. त्याचे ओठ जांभळे पडत होते आणि छातीतून आवाज मात्र येत नव्हता, आत-बाहेर काही चाललंच नसल्यासारखं. तो तिच्याकडे बघत होता, घाबरून नव्हे, तर चुकलेला हिशेब परत मांडताना माणूस बघतो तसा.

दवाखाना दोन चौकांवर होता. निंबाळकरबाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं, नळी घातली, कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तासाभराने त्या बाहेर आल्या आणि महानंदाशेजारी बाकावर बसल्या.

"नळ्यांभोवतीचे स्नायू सैल होते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण आतून सूज भरत आली होती आणि घट्ट चिकट्याची बुचं बसली होती. बारीक नळ्या एकेक करून बंद झाल्या. वाफ तिथवर गेलीच नाही. असं पंप बंद असला तरच होतं. महानंदाताई, पंप बंद होता का?"

तिने होकाराची मान हलवली. तिला अजून कळलं नव्हतं की बाई फक्त पंपाबद्दलच नव्हे, मल्लिनाथबद्दलही "होता" असंच बोलत होत्या. मग कळलं.

माती दिली, पाहुणे येऊन गेले. गिरणीत लोकांचे डबे तसेच होते. महानंदाने ते एकेक करून ज्याचे त्याला पोचवले, अर्धी दळलेली भाजणी आणि अर्धे दाणे वेगवेगळे बांधून.

राजेश्वरी पुण्याला परत गेली नाही. ती दिवसभर गिरणीच्या गल्ल्यावर लॅपटॉप उघडून बसायची, बापाचे आलेख पुन्हा पुन्हा बघायची. हिरवे, हिरवे, मध्ये पिवळ्या टाचण्या, आणि शेवटी एकच लाल रेघ. एके दुपारी महानंदा तिच्यासाठी भाकरी घेऊन आली तेव्हा तिने वर पाहिलं. डोळे सुजले होते.

"कंपनीला लिहितेय," ती म्हणाली. "यंत्र चुकीचं आहे. ते वाट मोकळी आहे का एवढंच बघतं, आतली सूज बघतच नाही. ते जोखायला उच्छ्वासातला एक वायू मोजावा लागतो. तसा भाग बसवायचा का असा प्रश्न आला होता, आणि यंत्र अवजड होईल म्हणून आम्ही नको म्हटलं. मीही नको म्हटलं. मीच आणलं ते इथे. मी मारलं आप्पांना."

"आसं बोलू नगंस."

"पण मला एक कळत नाही. पंप चालू असताना एवढी सूज येणारच नाही. आई, आप्पा पंप घेत होते ना?"

महानंदाने ताटली खाली ठेवली. नाही सांगितलं तर पोर जन्मभर यंत्राला आणि स्वतःला शिव्या देत बसेल. आणि अशी यंत्रं आणखी किती घरांत हिरवी जळत असतील. तिने सगळं सांगितलं. एक दिवस हे आणि एक दिवस ते, जिभेवरचा थर, भेसळ, डॉक्टरांपुढचं "हाय की." काही म्हणता काही लपवलं नाही.

राजेश्वरी ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी ती उठून उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"इतके महिने? आणि तू मला सांगितलं नाहीस? एक फोन, आई. एक फोन केला असतास तर मी त्याच दिवशी गाडीत बसले असते. मला का नाही सांगितलंस तू?"

महानंदाने तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती, नाटकही करत नव्हती. तिला तो फोन आठवतच नव्हता. गच्चीवरची डाळ, पलीकडचे आवाज, "पंप हाय न्हवं, त्यो ह्यांनी" आणि "आख्खा आठवडा हिरवा आहे", यातलं काहीच तिच्याजवळ नव्हतं. कामाच्या गर्दीत येऊन गेलेला एक फोन, दुसरं काय. महानंदाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. दोन वाक्यं बोलली असती तर तिच्या स्वतःच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं असतं, आणि ते सगळंच्या सगळं या पोरीवर जाऊन बसलं असतं. पोरीला अजून चाळीस वर्षं जगायचं होतं.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "सांगायला पायजे हुतं."

राजेश्वरी परत खाली बसली आणि लिहायला लागली. ती सांगत होती, की आता पंप ओढल्याची खूण मिळाल्याशिवाय दिवा हिरवा होऊ द्यायचा नाही, सूज मोजल्याशिवाय तर नाहीच, हे ती कंपनीकडून करून घेईल. महानंदा तिच्या बाजूला जोत्यावर बसून होती. थोड्या वेळाने बोटं थांबली.

"या अहवालात घडलेलं सगळं लिहावं लागतं," राजेश्वरी तिच्याकडे न बघता म्हणाली. "मी लिहिलंय, रुग्णाने पंप बंद केल्याचं पत्नीला माहीत होतं, पण तिने ते कुणालाही कळवण्याचा प्रयत्न केला नाही. असं राहू दे?"

"ऱ्हाऊ दे," महानंदा म्हणाली. "आसंच लिही."